धार-देवासचे पवार आणि भाऊबंदकी



सोमालियाचे नाव निघाले की आपण म्हणतो, तो टोळ्यांचा देश! जानेवारी १९९१ मध्ये हाविये कुळाच्या सशस्त्र संघटनेने सियाद बारेला मोगादिशूतून हुसकावले. त्याच नोव्हेंबरात ऐदीद आणि अली महदी, दोघेही हावियेच, एकमेकांवर तोफा डागू लागले.

आपल्या धारची कथा फार वेगळी आहे काय? उदाजीराव पवारांनी भाऊबंद आणि स्वार घेऊन माळव्यात बस्तान बसवले. २९ नोव्हेंबर १७२८ ला अमझेऱ्यास मोगल सुभेदार गिरधर बहादूर पडला, तेव्हा ते चिमाजी अप्पांसोबत होते. पुढे बाजीरावांशी बिनसले. १ एप्रिल १७३१ ला डभईत मराठेच मराठ्यांशी भिडले. सेनापती त्र्यंबकराव दाभाडे मारले गेले, त्यांच्या बाजूचे उदाजीराव कैद झाले.

बाजीरावांनी मात्र पवारांचे घराणे मोडले नाही. (मला हेच मोठे वाटते.) धार त्यांच्याच भावाकडे, आनंदरावांकडे गेली. मोगादिशूत असा वाटा ठरवून देणारे कोणी उरले नव्हते. देवासला भाऊबंदांपैकी तुकोजी-जिवाजींच्या दोन गाद्या झाल्या. एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती १९४८ पर्यंत शेजारी नांदल्या.