लेखकाने आपले नाव कसे करावे?

(नृसिंहवाडी येथील विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



लिहिण्याचा नाद असलेली मुले हल्ली हमखास विचारतात, "सर, पुस्तक काढले तर नाव कसे होईल?" पुस्तकात काय असावे, हे विचारणारे थोडे. तरीही या प्रश्नाला मी हसत नाही. बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचे सोनेही पडून राहते, असे आपले वाडवडील म्हणत. पाचशे प्रती छापून चारशे माळ्यावर टाकणारे लेखक मी पाहिले आहेत.

आपण वाडीत जमलो आहोत, तर इथलेच उदाहरण घेऊ. दत्तभक्त नित्य म्हणतात ती 'करुणात्रिपदी' वासुदेवानंद सरस्वती, म्हणजेच टेंबे स्वामी, यांनी १९०५ साली याच गावी रचली. संन्यासी माणूस, सारा देश पायी फिरला आणि १९१४ साली नर्मदाकाठी गरुडेश्वरला समाधिस्थ झाला. स्वतःची जाहिरात कधी केली नाही, तरी ती पदे आज कितीतरी घरांत तोंडपाठ आहेत. पण यावरून 'चांगले असेल ते आपोआप पसरते' असे समजू नका. त्या पदांच्या पाठीशी उपासना होती, यात्रेकरू होते. तुमच्या कथासंग्रहाच्या पाठीशी कोण आहे?

जळगावच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. शेतात, घरात काम करताना त्या गाणी रचीत, घरची माणसे ती टिपून ठेवीत. १९५१ साली त्या वारल्या. त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघाले. बाईंनी स्वतःविषयी एक शब्द उच्चारला नाही, हे खरे. पण त्यांच्यासाठी बोलणारा मुलगा घरात होता. पालकहो, तुमच्या घरी असा कोणी आहे का? की मुलीची कवितांची वही सापडली तर "हे उद्योग बंद कर, लोक काय म्हणतील" एवढेच ऐकू येते?

मला जास्त काळजी याचीच वाटते. आपल्याकडे नम्रतेला मान आहे आणि तो असावाच. पण नम्रता वेगळी, लपणे वेगळे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीत लिहिला आणि आपण कोण, हे लपवले नाही. आपल्या मुलींनी तरी टोपणनावाचा बुरखा का घ्यावा? नाव, गाव, शिक्षण सरळ लिहावे.

मग जाहिरात कशी करावी? इथल्या मिठाईच्या दुकानांत पाहा. पाट्या सगळ्यांच्याच मोठ्या. पण कवठाच्या बर्फीचा तुकडा जो तळहातावर ठेवतो, त्याच्याकडे गिऱ्हाईक थांबते. लेखकानेही तेच करावे. मोबाईलवर रोज स्वतःचा फोटो टाकण्यापेक्षा आठवड्याला कथेतले एक पान टाकावे. शाळेत, वाचनालयात, बचतगटाच्या बैठकीत दहा मिनिटे वाचून दाखवावे. ऐकणाऱ्यांत ज्याला रुची वाटली, तो आणखी चौघांना सांगतो. 'सुप्रसिद्ध', 'युवा साहित्यरत्न' ही बिरुदे मात्र स्वतःच्या हाताने लिहू नयेत. अशा वेळी वाचणाऱ्यालाच लाज वाटते.

एक सावधगिरी. पैसे भरले की पुरस्कार आणि मानपत्र देणारी मंडळी गावोगाव फिरतात. असा पुरस्कार म्हणजे पावती. ती भिंतीवर लावून वाचक वाढत नाहीत. तसेच पुस्तकाचा आय.एस.बी.एन. क्रमांक आपल्या देशात सरकारी संस्थेकडून विनामूल्य मिळतो. अर्ज भरून देण्याची मजुरी कोणी मागितली तर समजू शकतो. पण खुद्द क्रमांकाचीच किंमत मागणाऱ्यापासून दूर राहा. ते पैसे पन्नास प्रती शाळांच्या ग्रंथालयांत पोचवायला वापरा. तिथे पुस्तक फाटेपर्यंत वाचले जाते.

आता बोलणे पुरे. ज्यांच्याकडे अशी वही असेल, त्यांनी सभा संपल्यावर भेटावे. मी तासभर इथेच आहे. मुलीला संकोच वाटत असेल तर वही घेऊन आई आली तरी चालेल, वडील आले तर फारच उत्तम.