मनाई करणीला आहे, कथेला नाही



हॅरी पॉटर मराठीत आला तो आपल्याच मध्य प्रदेशाच्या राजधानीतून. भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने बाळ ऊर्ध्वरेषे यांचा अनुवाद छापला आणि 'हॅरी पॉटर आणि परीस' मराठी मुलांच्या हाती पडले. या पुस्तकांबरोबर एक प्रश्नही ख्रिस्ती घरांत शिरला. पवित्र शास्त्राने जादूटोणा निषिद्ध ठरवला असताना जादूगारांच्या शाळेची गोष्ट आपल्या मुलांनी वाचावी काय? काही पाळक 'नको' म्हणतात, काही गप्प राहतात आणि पालक आपापल्या परीने वाट काढतात. पांढुर्णा-सौंसर परिसरातल्या मोहगावच्या या संमेलनात अध्यक्षीय भाषणाचा विषय म्हणून मी हाच प्रश्न घेतला आहे, कारण तो एका पुस्तकापुरता किंवा एका धर्मापुरता नाही. माझे उत्तर आधीच सांगतो: वाचावी. शास्त्राची मनाई करणी करण्याला आहे, कथा सांगण्याला नाही. हा भेद पुसला गेला की कथेचे फारसे बिघडत नाही; बळी माणसांचा जातो.

प्रथम आपल्या भाषेतला पुरावा पाहू. अद्भुतकथा आणि ख्रिस्ती श्रद्धा यांचे वैर आहे असे मानणाऱ्याने मराठी मुद्रणाचा आरंभ आठवावा. बंगालमधील श्रीरामपूरच्या ज्या मिशनरी छापखान्याने नवा करार मराठीत आणला, त्याच छापखान्यातून १८१४ साली 'सिंहासन बत्तिशी' बाहेर पडली. बोलणाऱ्या पुतळ्यांची आणि विक्रमराजाच्या अद्भुत पराक्रमांची ही गोष्ट छापताना तिथल्या मिशनरी विल्यम कॅरीला आपला धर्म बाटल्यासारखे वाटले नाही. १८४१ साली हरि केशवजींनी जॉन बन्यनचे पुस्तक 'यात्रिकक्रमण' या नावाने मराठीत आणले. त्यात राक्षस आहेत, पंख फुटलेला सैतानी शत्रू आहे, मंतरलेली भूमी आहे. आणि तरीही प्रॉटेस्टंट घरांत शास्त्राच्या खालोखाल मान मिळाला तो याच पुस्तकाला. बाबा पदमनजींनी १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहून विधवांच्या दुःखाची वास्तव वाट धरली हे खरे, आणि ती वाट थोर होती. पण वास्तववाद हा त्यांनी निवडलेला मार्ग होता. धर्माने तो त्यांच्यावर लादला होता असे म्हणता येत नाही.

आपल्या मुलखाला याहून जवळचा पुरावा स्टीफन हिस्लॉपचा आहे. हा स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपूरला आला आणि १८६३ साली याच भागात नदीत बुडून वारला. गोंडांच्या लिंगोची कथा त्याने ऐकून टिपून ठेवली होती आणि त्याच्या मृत्यूनंतर १८६६ साली रिचर्ड टेंपलने त्याची टिपणे प्रसिद्ध केली. मेलेला लिंगो त्या कथेत पुन्हा जिवंत होतो आणि राक्षसाच्या घरून विस्तव आणतो. हिस्लॉपला ही श्रद्धा मान्य नव्हती, तरी ती ऐकण्याजोगी आहे हे त्याला कळत होते. त्यानंतर दोनच वर्षांनी मेरी फ्रियरचे दख्खनच्या लोककथांचे इंग्रजी पुस्तक निघाले. त्यातल्या कथा सांगणारी ॲना लिबेराता डिसोझा ही ख्रिस्ती आया होती; तिचे आजोबा गोव्याकडे ख्रिस्ती झाले होते आणि गोष्टी तिला आजीकडून मिळाल्या होत्या. ज्याचा प्राण दूर एका पोपटात ठेवलेला आहे त्या दुष्ट जादूगाराची गोष्ट तिचीच. घराण्याने धर्म बदलला, पण आजीने गोष्टी टाकून दिल्या नाहीत. या बाईचे नाव आपल्या वाङ्मयेतिहासात ठळकपणे यायला हवे, असे मला मनापासून वाटते.

आता शास्त्राकडे वळू. जुन्या करारातील 'अनुवाद' या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात शकुन पाहणारा, मंत्रतंत्र करणारा, मृतांना विचारणारा अशी यादी आहे. यादीतला प्रत्येक जण काहीतरी करणारा आहे. गोष्ट सांगणारा तीत नाही. उलट शास्त्र स्वतःच अशा गोष्टी सांगते. फारोचे मांत्रिक मोशेसमोर आपल्या काठ्यांचे साप करतात. भयभीत शौल राजा वेषांतर करून रात्री एन-दोरच्या भूतविद्या जाणणाऱ्या स्त्रीकडे जातो, आणि ही कथा शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात इतक्या नाट्यमयतेने आली आहे की कोणत्याही कादंबरीकाराला हेवा वाटावा. तीत एक तपशील असा आहे की तो सहसा प्रवचनात येत नाही: राजा कोसळतो तेव्हा तीच स्त्री त्याला आग्रहाने जेवू घालते. निषिद्ध कर्म करणाऱ्या बाईतली माणुसकीही शास्त्रकर्त्याने नोंदवली. प्रेषितांच्या कृत्यांत शमरोनचा शिमोन पवित्र आत्म्याचे दान पैसे देऊन विकत घ्यायला निघतो. तिथे पेत्राचा राग आहे तो देवाची देणगी सत्ता म्हणून खरीदण्याच्या वृत्तीवर. जादूचे पाप शास्त्राच्या दृष्टीने याच वृत्तीत आहे: जे मागून घ्यायचे ते ताब्यात घेऊ पाहणे. आणि ही वृत्ती ओळखायला लहान मुलाला व्याख्येपेक्षा कथाच अधिक उपयोगी पडते.

यावर शास्त्रातलेच इफिसचे उदाहरण पुढे केले जाते. तिथल्या विश्वासणाऱ्यांनी पन्नास हजार रुपयांची, म्हणजे तितक्या चांदीच्या नाण्यांची, पुस्तके जाळली. मग आपण कादंबऱ्या का जाळू नयेत? अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या एका मंडळीने २००१च्या डिसेंबरात हॅरी पॉटरची होळी केलीही. पण इफिसची पुस्तके मंत्रप्रयोगांची होती, ती वापरणाऱ्यांचीच होती आणि त्यांनी ती आपण होऊन जाळली. त्यांचे आजचे नातेवाईक शोधायचे तर बाजारात मिळणाऱ्या वशीकरणाच्या आणि शत्रुनाशाच्या पुस्तिका पाहाव्यात. अशी पुस्तिका घरात असेल तर ख्रिस्ती माणसाने ती जरूर टाकावी. जिच्यातला मंत्र कोणालाच चालवता येत नाही अशा कादंबरीला तो न्याय लावता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचारपूर्वक आहे. सी. एस. लुईसच्या नार्नियात चेटकीण ही खलनायिका आहे; टॉल्किनच्या जगात जादू माणसांच्या हाती जवळजवळ नाहीच; रोलिंगच्या हॅरी पॉटर पुस्तकांत मात्र मुलेच जादू शिकतात, म्हणून ती मोहक ठरते. कार्डिनल रात्सिंगर यांनी पोप होण्यापूर्वी, २००३ साली, एका टीकाकार लेखिकेला लिहिलेल्या पत्रात अशा सूक्ष्म मोहाची काळजी व्यक्त केली होती. ही काळजी मी हसण्यावारी नेत नाही. पण एखाद्या कथेचा न्याय तिच्यातल्या साधनांवरून करायचा की तिच्या निवाड्यावरून? त्या सात पुस्तकांत मरण टाळण्यासाठी खून करून स्वतःच्या आत्म्याचे तुकडे करणारा हरतो आणि इतरांसाठी मरणाला सामोरा जाणारा जिंकतो. २००७च्या शेवटच्या भागात नायकाच्या आईवडिलांच्या कबरीवर करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायातले, मरणाच्या अंताबद्दलचे वचन कोरलेले आहे. ते वाचून ज्या मुलाला शास्त्र उघडावेसे वाटेल त्याच्या हातून पुस्तक काढून घेण्यात कसला धर्म?

चर्चचा खरा अपराध झाला तो कथा ऐकल्याने नव्हे, कथेला साक्षीपुरावा मानल्याने. दहाव्या शतकाच्या सुमाराचा एक चर्च-नियम सांगत होता की रात्री आकाशातून उडणाऱ्या स्त्रिया हा भ्रम आहे, आणि तो खरा मानणे हीच चूक आहे. पुढे पंधराव्या शतकाच्या अखेरीस हे शहाणपण मागे पडले, चेटकिणी हुडकण्याचे ग्रंथ निघाले आणि युरोपात पुढच्या दोन-तीन शतकांत सुमारे ४० ते ६० हजार माणसे मारली गेली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोघांचेही हात त्यात रंगले आहेत, आणि हे आपण ख्रिस्ती माणसांनी मोठ्याने कबूल केले पाहिजे.

अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या मित्रांची शंका वेगळी आहे. आधीच ज्या भागात करणी, भानामती, मूठ या शब्दांनी माणसे थरकापतात, तिथे चेटकिणीच्या गोष्टी कशाला वाढवायच्या? नरेंद्र दाभोलकरांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी आयुष्य वेचले तो त्यांच्या २०१३च्या हत्येनंतर महाराष्ट्रात झाला. छत्तीसगडात टोनहीच्या, म्हणजे चेटकीण ठरवलेल्या बाईच्या, छळाविरुद्धचा कायदा २००५ पासून आहे. या कायद्यांमागची वेदना मला मान्य आहे. पण म्हाताऱ्या विधवेला चेटकीण ठरवणारे लोक कादंबरी वाचून आलेले नसतात. घरात मूल दगावलेले असते, दवाखाना लांब असतो, तिच्या वाट्याच्या जमिनीवर कोणाचा तरी डोळा असतो आणि देवऋषी नाव सुचवतो. कथा ही कथा म्हणून वाचायची सवय ज्याला लहानपणी लागली, त्याला असा आरोप ऐकताना 'ही तर रचलेली गोष्ट' हे ओळखण्याची संधी अधिक असते. आणि आपल्या बाजूचेही पाहू: मंतरलेले तेल-पाणी देऊन रोग घालवतो म्हणणारा येशूचे नाव घेत असला, तरी तो शिमोनाच्याच रांगेत बसतो. त्याच्याविरुद्ध बोलायला कचरणाऱ्या पाळकाला कादंबरीविरुद्ध बोलण्याचा अधिकार उरत नाही.

म्हणून इथल्या मंडळींना, शब्बाथशाळांच्या शिक्षकांना आणि शाळांच्या ग्रंथपालांना माझी विनंती आहे: ही पुस्तके कुलपात ठेवू नका, मुलांबरोबर बसून वाचा आणि सत्ता कोणी बळकावली, किंमत कोणी मोजली, हे त्यांना विचारा. लेखकांना विनंती अशी की जाम आणि कन्हान नद्यांच्या या खोऱ्यात मराठी, गोंडी आणि हिंदी बोलणाऱ्या आज्यांपाशी अजून ज्या गोष्टी आहेत त्या लिहून घ्या, सांगणारीच्या नावासह. आणि गावात कोणा बाईवर करणीचा आरोप झाला, तर संमेलनाला आलेल्या प्रत्येकाने तिच्या दारात जाऊन उभे राहावे.