जागा भाड्याने घेताना
(दंतवैद्यांच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समोर बसलेले बहुतेक सगळे दंतवैद्य आहेत आणि मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तुमच्या खुर्चीशी माझा संबंध फक्त आडवं पडण्यापुरता. तरीही संयोजकांनी मला बोलावलं, कारण गेल्या वर्षी माझ्या मोठ्या बहिणीच्या कार्यशाळेसाठी जागा शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ती तालुक्याच्या गावी दवाखाना चालवते. ती म्हणाली, "तुला तक्ते करायची सवय आहे, चार ठिकाणी फोन कर आणि स्वस्तातली जागा सांग." मला वाटलं, दोन दिवसांचं काम आहे. त्याला चार महिने लागले.

आधी मागची गोष्ट सांगतो. तिच्या परवानगीनेच सांगतोय. एका रुग्णाचं रूट कॅनाल करताना तिच्या हातून रोटरी फाइलचा तुकडा दातात मोडून राहिला. तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, हे चांगल्या हातांकडूनही होतं. तिने रुग्णाला स्वच्छ शब्दांत सांगितलं, पुण्याच्या तज्ज्ञाकडे पाठवलं आणि तो खर्च स्वतः दिला. पण त्या रात्री ती जेवली नाही. मला म्हणाली, "गेल्या तीन वर्षांत मी या विषयावरचे चार कार्यक्रम केले. चारही ठिकाणी प्रमाणपत्र मिळालं. फाइल हातात धरायला एकाही ठिकाणी मिळाली नाही."

ते चारही कार्यक्रम सभागृहात झाले होते. एक तर चक्क मंगल कार्यालयात. पडदा, प्रोजेक्टर, दोनशे खुर्च्या, वक्त्याला शाल-श्रीफळ आणि दुपारी पुरी-श्रीखंड. माहिती मिळाली, गुणही मिळाले. हात मात्र जसे गेले तसेच परत आले.

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. नवा प्रोग्राम थेट ग्राहकाच्या चालू यंत्रणेवर टाकायचा नाही. आधी तो हुबेहूब तशाच, पण वेगळ्या यंत्रणेवर चालवायचा. तिथे तो पडला तर कोणाचं नुकसान होत नाही. हा नियम मोडणाऱ्याला आम्ही बेजबाबदार म्हणतो. मी बहिणीला विचारलं, "मग तुम्ही नवं तंत्र पहिल्यांदा कुठे वापरता?" ती गप्प बसली. उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं. सोमवारी सकाळी येणाऱ्या पहिल्या रुग्णावर.

खरं तर यावरचा उपाय तुमच्या व्यवसायाने माझ्या व्यवसायाच्या किती तरी आधी शोधला. ग्लासगोच्या ऑस्वाल्ड फर्गस यांनी १८९४ साली फँटम हेड आणलं. जबडे बसवलेलं खोटं डोकं, त्यात दात, आणि विद्यार्थ्याने त्यावर हात बसवायचा. महाविद्यालयात तुम्ही सगळे त्यावरच शिकलात. पण पदवी मिळाली की तो दरवाजा बंद होतो. पुढची तीस-पस्तीस वर्षं साहित्य बदलतं, यंत्रं बदलतात आणि सराव करायला खोटं डोकं मिळत नाही. निरंतर दंतशिक्षण म्हणतात ते याच वर्षांसाठी. ब्रिटनमध्ये जनरल डेंटल कौन्सिलच्या नियमानुसार दंतवैद्याला पाच वर्षांत किमान १०० तासांचं पडताळता येईल असं शिक्षण पूर्ण करावं लागतं. आपल्याकडेही गुण मोजले जातात. मोजणी हवीच. पण तास मोजले म्हणजे हात शिकला असं होत नाही.

तर बहीण आणि तिच्या चार मैत्रिणींनी ठरवलं की रूट कॅनालची दोन दिवसांची कार्यशाळा घ्यायची, आणि ती प्रत्यक्ष हातांनी करायची. चोवीस जणांची नावं आली. आता जागा हवी होती.

मी तक्ता केला. पर्याय तीन प्रकारचे होते. पहिला, हॉटेलचा हॉल घेऊन त्यात टेबलं मांडायची आणि यंत्रं बाहेरून आणायची. दुसरा, शहरातली खाजगी प्रशिक्षण केंद्रं. तिसरा, एखाद्या दंत महाविद्यालयाची फँटम हेडची प्रयोगशाळा रविवारी भाड्याने घ्यायची.

हॉटेल सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात देखणं होतं. बहिणीने पाच मिनिटांत ते खोडलं. एअरोटरला दाबाची हवा लागते, पाणी लागतं, ते पाणी ओढायला सक्शन लागतं आणि ओढलेलं पाणी सोडायला मोरी लागते. रूट कॅनाल धुवायला सोडियम हायपोक्लोराइट वापरतात. ते गालिच्यावर सांडलं तर गालिचा जातो. डोळ्यात उडालं तर लगेच भरपूर पाण्याने डोळा धुवायला नळ चार पावलांवर हवा. सराव काढलेल्या खऱ्या दातांवर करायचा, तर ते दात आधी निर्जंतुक करावे लागतात. ज्यात चांदी भरलेली आहे ते ऑटोक्लेव्हमध्ये घालायचे नाहीत, कारण उष्णतेने पाऱ्याची वाफ सुटते. ते १० टक्के फॉर्मेलिनमध्ये दोन आठवडे ठेवायचे. काम झाल्यावर ते दात आणि सुया हॉटेलच्या कचऱ्याच्या डब्यात टाकता येत नाहीत. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे दात पिवळ्या पिशवीत जातात आणि टोकदार वस्तू न भोसकता येणाऱ्या पांढऱ्या डब्यात. एक्स-रे काढून दाखवायचा तर यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाची नोंदणी हवी. कोणाचं तरी यंत्र बॅगेत घालून आणलं असं चालत नाही. यातल्या एकाही गोष्टीची हॉटेलच्या व्यवस्थापकाला कल्पना नव्हती. त्यात त्याची काही चूक नाही.

मग आम्ही एका खाजगी केंद्रात गेलो. जागा चकचकीत होती. वीस टेबलं, वीस डोकी, प्रत्येक टेबलासमोर पडदा. दाखवणाऱ्या गृहस्थांनी एका टेबलावर पायाने पेडल दाबलं, एअरोटर सूं करून सुरू झाला. बहिणीने मान डोलावली. मी विचारलं, "सगळे एकदम चालू करता येतील का?" ते हसले. म्हणाले, "साहेब, सगळे एकदम कोण चालवतं?"

हे वाक्य मी नोकरीत शेकडो वेळा ऐकलंय. आमची बरीचशी संकेतस्थळं एका माणसासाठी उत्तम चालतात आणि निकालाच्या दिवशी झोपतात. म्हणून आम्ही भार टाकून बघतो. वर्गात शिक्षक "करा सुरू" म्हणतो तेव्हा सगळेच पाय एकदम पेडलवर पडतात. आम्ही पाच जण होतो, त्यांचे दोघे कर्मचारी बोलावले आणि सात टेबलांवर एकदम पेडल दाबलं. पाचव्यानंतर आवाज बसला. सूं चं घूं झालं. कॉम्प्रेसरला तेवढी ताकदच नव्हती.

मला वाटलं होतं, थोडा वेग कमी झाला तर काय बिघडतं? बहिणीने समजावलं. एअरोटर मिनिटाला तीन ते चार लाख फेरे घेतो, म्हणून तो दाताला नुसता टेकवायचा असतो. हवेचा दाब पडला की तो दातावर अडकतो. मग शिकणारा जोर लावतो, आणि दोन दिवसांत जोर लावायचीच सवय घेऊन घरी जातो. "म्हणजे शिकायला येण्यापूर्वी होता त्यापेक्षा वाईट हात घेऊन जाईल," ती म्हणाली. अपुरी जागा ही जागा नसण्यापेक्षा धोक्याची असू शकते, हे मला त्या दिवशी कळलं.

शेवटी एका महाविद्यालयाची जुनी प्रयोगशाळा मिळाली. भिंतींचा रंग उडालेला, पंखे कुरकुरणारे. तिथल्या तंत्रज्ञाने मी विचारायच्या आधीच सांगितलं, "चाळीस डोकी आहेत. त्यातली सोळा तुम्ही एकदम चालवा, मी जबाबदार. सतरावं चालवू नका." मला तो माणूस फार आवडला. आम्ही सोळा चालवून पाहिली. आवाज बसला नाही.

पण नावं चोवीस आली होती. इथे खरा प्रश्न उभा राहिला. टेबलामागे दोघं बसवा, असं तीन जणींचं मत होतं. भाडं तेवढंच, विभागलं जाईल आणि कोणी दुखावणार नाही. बहीण म्हणाली, "मग आठ जण परत बघेच राहणार. चार कार्यक्रम मी बघतच काढलेत." खूप वाद झाला. सोळाच घ्यायचे ठरलं. उरलेल्या आठ जणांना तिने स्वतः फोन केले. त्यातली एक तिची महाविद्यालयातली मैत्रीण, दोनशे किलोमीटरवरून येणार होती, लहान मुलाची सोय लावून बसली होती. ती अजूनही बहिणीशी नीट बोलत नाही. हा निर्णय बरोबर होता असं मला वाटतं, पण तो फुकट नव्हता, हेही सांगायला हवं.

पैशाचाही प्रश्न होता. चोवीसांत वाटायचं भाडं सोळांत आलं. एका कंपनीने सगळं भाडं भरायची तयारी दाखवली. अट एकच, फाइली फक्त त्यांच्याच वापरायच्या. मला वाटलं, घ्यावेत पैसे. बहीण नाही म्हणाली. शिकवणाऱ्याने कोणती फाइल कुठे चालत नाही हेही सांगायचं असतं, आणि भाडं भरणाऱ्यासमोर ते तोंडातून निघत नाही. शुल्क वाढलं आणि दोघांनी नाव काढून घेतलं. त्यांच्या जागी राहिलेल्या आठांतले दोघे आले.

करार करताना माझा खरा उपयोग झाला. तुमच्यापैकी कोणी अशी जागा घेणार असेल तर एवढं लिहून घ्या. "वीस टेबलं" असं लिहू नका. "एकाच वेळी चालणारी सोळा टेबलं" असं लिहा. आदल्या संध्याकाळी मांडणीसाठी जागा मिळेल का, हे लिहा. वीज गेली तर जनरेटर फक्त दिव्यांना आहे की कॉम्प्रेसरलाही, ते विचारा. तंत्रज्ञ दोन्ही दिवस हजर राहील आणि त्याचे पैसे भाड्यात आहेत की वेगळे, ते लिहा. कचरा कोण उचलणार, मोडतोड कोण भरणार, जीएसटी धरून रक्कम किती, तारीख बदलली तर अनामत किती परत, हेही लिहा. आणि सही करण्यापूर्वी सगळी पेडलं एकदम दाबून बघा.

एक गोष्ट आम्ही योजली नव्हती. प्रयोगशाळेबरोबर शेजारची व्याख्यानाची खोली भाड्यातच मिळाली होती आणि दोन्ही दिवस ती रिकामी राहणार होती. मी म्हटलं, रिकामी कशाला ठेवायची? मग दवाखान्यांत मदतनीस म्हणून काम करणाऱ्या मुलींसाठी निर्जंतुकीकरणाचा अर्ध्या दिवसाचा वर्ग ठेवला. बारा जणी आल्या. बहुतेक बारावी झालेल्या. डॉक्टरांनी दाखवलं तेवढंच शिकलेल्या. वर्ग संपताना एकीने विचारलं, "मॅडम, ते ऑटोक्लेव्हचं पाऊच किती वेळा वापरायचं?"

एकदाच वापरायचं असतं. तिला ते कोणीच सांगितलं नव्हतं. आणि ती मुलगी माझ्या बहिणीच्याच दवाखान्यातली होती.

बहिणीने तिथे सगळ्यांसमोर सांगितलं, "ही चूक माझी आहे, हिची नाही." सोमवारी दवाखान्यात गेल्यावर तिने पहिल्यांदा ते कपाट उघडलं. माझ्या मते दोन दिवसांतलं सगळ्यात मोलाचं शिक्षण त्या रिकाम्या खोलीत झालं. गुणांच्या यादीत त्याची नोंद कुठेच नाही.

शेवटी एका माणसाची आठवण करतो. १९२० साली कोलकात्यात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी भारतातलं पहिलं दंत महाविद्यालय काढलं. ते अमेरिकेत आयोवाला शिकून आले होते. सरकारी अनुदान नव्हतं. त्यांनी 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचं दुकान चालवलं आणि त्याच्या पैशावर महाविद्यालय उभं केलं. १९४९ साली ते सरकारच्या हवाली केलं. आज ते त्यांच्याच नावाने चालतं. सरबत विकून त्यांनी काय विकत घेतलं? शिकायची जागा. जिथे चुकलं तरी कोणाच्या तोंडात रक्त येणार नाही अशी जागा.

तुमच्या जिल्ह्यात अशी सोळा टेबलं नसतील. पण रविवारी कुलूप लावून ठेवलेली एखादी प्रयोगशाळा जवळपास नक्की असेल. तिची किल्ली कोणाकडे आहे, एवढं उद्या शोधा. आमच्याकडे राहिलेल्या सहा जणांसाठी दुसरी तुकडी ठरतेय. बहिणीने पहिला फोन त्या मैत्रिणीला केला. तिने "बघते" एवढंच म्हटलंय. टेबल मात्र तिच्या नावाने राखून ठेवलं आहे.