वकिलाच्या पहिल्या भेटीस जातांना

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय कळला तेव्हां माझ्या एका स्नेह्यांनीं मला विचारलें, "गुरुजी, आपण मॅट्रिक, सारा जन्म प्राथमिक शाळेंत गेला. वकिलांविषयीं आपण काय सांगणार?" प्रश्न रास्त आहे. मी कायदेपंडित नाहीं, आणि तसा आवहि आणणार नाहीं. परंतु ज्याच्या नागरी हक्कावर घाला पडला आहे अशा एका माणसाबरोबर वकिलाच्या दारीं जाण्याचा प्रसंग माझ्यावर आला, आणि त्या प्रसंगीं माझ्या हातून चूक झाली. ती आपल्या हातून होऊं नये, एवढ्यासाठींच हें भाषण आहे.

माझा एक जुना विद्यार्थी तालुक्याच्या गांवीं वायरमनचें काम करतो. त्यानें तेथें भाड्यानें खोली ठरविली आणि अनामत रक्कम दिली. चार दिवसांनीं तो सामान घेऊन गेला, तेव्हां मालकानें त्याचें मूळ गांव विचारलें, गांवांतली वस्ती विचारली, आणि जात कळतांच पैसे परत करून जातीच्या नांवानें त्याचा अपमान केला. पोराचा संताप अनावर झाला. त्यानें दारांतली तुळशीची नव्हे, पण शोभेची एक कुंडी लाथेनें फोडली आणि तो निघून आला.

दुसऱ्या दिवशीं त्यानें मला सर्व हकीकत सांगितली, कुंडीचेंहि सांगितलें. मीं त्यास दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, "चार दिवस थांब, मन निवूं दे." दुसरी, "कुंडीची गोष्ट कोणास सांगूं नकोस, वकिलासहि नको." दोन्ही सल्ले मायेपोटीं दिलेले होते आणि दोन्ही चुकीचे होते.

चाराचे अकरा दिवस झाले. मग आम्ही एका वकीलबाईंकडे गेलों. माझी समजूत अशी कीं, अन्याय उघड आहे. आपण तो सांगावा आणि वकिलांनीं पुढील सर्व पाहावें. बाईंनीं ऐकून घेतलें आणि प्रश्नांस आरंभ केला. "अपमान झाला तो दिवस कोणता? वेळ कोणती? तुम्ही उंबऱ्याच्या आंत होतां कीं बाहेर? नेमके शब्द कोणते? तेथें आणखी कोण उभें होतें? त्यांपैकीं मालकाच्या घरचे किती आणि बाहेरचे किती?" विद्यार्थी म्हणाला, "सगळ्या गल्लीला ठाऊक आहे." बाई म्हणाल्या, "गल्ली साक्षीला येत नाहीं, माणूस येतो. नांवें सांगा."

हे प्रश्न नुसते काथ्याकूट नव्हते. अनुसूचित जाति व जमातींवरील अत्याचारांस आळा घालणारा १९८९ चा जो कायदा आहे, त्यांत अशा अपमानाचा गुन्हा होण्यास तो लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणीं झालेला असावा लागतो. बंद खोलींत, बाहेरचें कोणी नसतां उच्चारलेले शब्द आणि अंगणांत चार जणांदेखत उच्चारलेले शब्द यांत कायदा भेद करतो. उंबऱ्याच्या आंत कीं बाहेर, या एका प्रश्नावर पुष्कळ कांहीं अवलंबून होतें, आणि आम्हीं त्याचा विचारहि केला नव्हता.

शेवटीं त्यांनीं विचारलें, "हीच हकीकत मालकाला विचारली, तर तो काय सांगेल?" विद्यार्थ्यानें माझ्याकडे पाहिलें. मीं मान खालीं घातली. मग त्यानें कुंडीची गोष्ट सांगितली. बाई रागावल्या नाहींत. त्या म्हणाल्या, "गुरुजी, ही गोष्ट मला आज कळली, तर मी तिचा विचार करूं शकतें. उलटतपासणींत ती प्रथम बाहेर आली असती, तर खऱ्या अपमानावरचाहि न्यायाधीशांचा विश्वास डळमळला असता." त्याच सायंकाळीं पोलीस ठाण्यांत फिर्याद दाखल झाली. अकरा दिवसांच्या उशिराचें कारण मात्र तींत लिहावें लागलें, आणि तें कारण मी होतों.

श्रोतेहो, हक्काच्या लढ्यांत संतापाला स्थान आहे; परंतु निकाल लागतो तो पुराव्यावर. महाडचें उदाहरण आपणां सर्वांस ठाऊक आहे. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी चवदार तळ्याचें पाणी प्याले, हें आपण शाळेंत शिकतों. त्यापुढची गोष्ट आपण फारशी शिकत नाहीं. त्याच वर्षींच्या डिसेंबरांत विरुद्ध पक्षानें दिवाणी दावा लावून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. तळें खाजगी आहे आणि अस्पृश्यांस तेथें येऊं न देण्याची वहिवाट अनादि आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. डॉ. आंबेडकर स्वतः बॅरिस्टर, आणि त्या दाव्यांत प्रतिवादी. त्यांनीं तो वाद कोर्टांत चिकाटीनें लढविला. १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई हायकोर्टानें अखेरचा निकाल दिला. तळें वादींच्या खाजगी मालकीचें ठरलें नाहीं, आणि ती वहिवाट अनादि असल्याचेंहि त्यांस शाबीत करतां आलें नाहीं. दहा वर्षांच्या या वादांत जुनें रेकॉर्ड आणि साक्षीदारांच्या जबान्या यांना किती मोल आलें असेल, याचा विचार करावा.

आज घटनेच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली आहे. १९५५ चा अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम या नांवानें चालतो. कायदा आहे, तो आपल्या प्रकरणास लागूं करून घेण्याची तयारी आपली असावी लागते.

आतां वकील कसा निवडावा? पाटीच्या आकारावरून निवडूं नये. या कायद्यांखालचे खटले त्यांनीं चालविले आहेत काय, तें विचारावें. विरुद्ध पक्षाचें काम ते पाहतात काय, हें तर पहिल्या पांच मिनिटांतच विचारावें. लहान गांवांत हा प्रश्न फार महत्त्वाचा असतो. आणखी एक गोष्ट अनेकांस ठाऊक नसते. फौजदारी खटला सरकारतर्फें चालतो आणि तो सरकारी वकील चालवितात. आपण नेमलेला वकील आपल्या बाजूनें मदत करतो, अर्ज करतो, आपल्यावर दडपण आल्यास तें कोर्टाच्या कानावर घालतो. तेव्हां "या कामांत आपण नेमकें काय करूं शकाल?" असें मोकळेपणानें विचारावें.

पैसा नाहीं म्हणून कोणीं घरीं बसूं नये. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्यानें स्त्रिया, मुलें, अनुसूचित जाति-जमातींचे लोक, अपंग आणि अटकेंत असलेले लोक यांस उत्पन्न न पाहतां मोफत वकील मिळूं शकतो. इतरांस उत्पन्नाची मर्यादा आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारांत जिल्हा विधि सेवा प्राधिकरण असतें आणि तालुक्यास समिति असते. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनीनेंहि चौकशी करतां येते.

भेटीपूर्वीं घरीं बसून एक टिपण लिहावें. माझ्या विद्यार्थ्यानें नंतर लिहिलें तें दोन पानांचें होतें, आणि तेवढें पुरे. डाव्या बाजूस तारीख व वेळ, उजव्या बाजूस काय घडलें तें, घडलें त्या क्रमानें. स्वतः पाहिलेलें आणि दुसऱ्याकडून ऐकलेलें वेगळें लिहावें. उच्चारलेले शब्द जसेच्या तसे लिहावे; लाज वाटली म्हणून गाळूं नयेत. जें आठवत नाहीं तेथें "आठवत नाहीं" असेंच लिहावें. खालीं साक्षीदारांचीं नांवें व पत्ते द्यावे. मात्र काय सांगावयाचें तें साक्षीदारांस कधींहि पढवूं नये.

त्यासोबत कागद न्यावे: पैसे दिल्याची पावती, अर्जांच्या पोंच, जखम असल्यास दवाखान्याचा दाखला, जातीचा दाखला आणि पोलिसांत दिलेल्या पहिल्या खबरेची नक्कल. ही नक्कल विनामूल्य मिळणें हा आपला हक्क आहे. ठाण्यानें खबर नोंदविण्यास नकार दिला असल्यास ती लेखी स्वरूपांत टपालानें पोलीस अधीक्षकांकडे पाठवितां येते, आणि त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे जातां येतें. वकिलांस शक्यतों छायाप्रती द्याव्या. मूळ कागद द्यावा लागला, तर पोंच घ्यावी. मोबाइलवर संदेश, छायाचित्र किंवा ध्वनिमुद्रण असेल, तर तें पुसूं नये, कापूं नये, आणि तो फोनहि विकूं नये. असा पुरावा कोर्टापुढें आणण्यास कायद्यानें ठरविलेलें प्रमाणपत्र लागतें. त्याविषयीं वकिलांसच विचारावें.

आणि सर्वांत मोठी तयारी मनाची. आपल्या विरुद्ध जाणारी गोष्ट प्रथम सांगावी. अशिलानें वकिलांस विश्वासानें सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीवांचून उघड करण्यास वकिलांस कायद्यानेंच मनाई आहे. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचें १३२ वें कलम हेंच सांगतें. पुढें करावयाच्या गुन्ह्याला हें संरक्षण नाहीं. घडून गेलेल्या चुकीला आहे.

फीची गोष्ट संकोच न धरतां काढावी: किती, कोणत्या टप्प्यावर, टंकलेखन व प्रवासखर्च वेगळा काय, आणि पावती मागावी. खटला जिंकल्यास अमुक वाटा, असा करार करण्यास आपल्याकडील वकिलांस नियमानें बंदी आहे. "निकाल खात्रीनें तुमचाच" असें जो पहिल्या भेटींतच सांगतो, त्याच्याविषयीं सावध असावें. वकीलपत्र वाचून मगच सही करावी. कोऱ्या कागदावर सही कोणासहि देऊं नये.

शेवटचें सांगावयाचें तें मुदतीविषयीं. बेकायदा कोंडून ठेवल्याबद्दल नुकसानभरपाईचा दावा एका वर्षाच्या आंत लावावा लागतो. मानवी हक्क आयोगाकडील तक्रारीसहि एका वर्षाची मर्यादा आहे. सरकारवर दिवाणी दावा लावण्यापूर्वीं सामान्यतः दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. म्हणून "माझ्या कामाची मुदत केव्हां संपते?" हा प्रश्न टिपणाच्या अगदीं वर लिहून न्यावा. मन निवेपर्यंत थांबण्याचा सल्ला कोणी वडीलधाऱ्यानें दिला, तर तो नम्रपणें ऐकावा आणि वकिलाकडे जावें.

माझ्या विद्यार्थ्याचा खटला कोर्टांत चालूं आहे. म्हणून त्याविषयीं अधिक बोलणें योग्य नव्हे. त्यानें लिहिलेलें तें टिपण मात्र मीं वाचलें. कुंडी फोडल्याची कबुली पहिल्याच पानावर होती. शाळेंत मीं त्याचे निबंध तांबड्या शाईनें पुष्कळदां दुरुस्त केले. या वेळीं दुरुस्त करण्यासारखें त्यांत कांहीं नव्हतें. दुरुस्ती माझ्यांत व्हावयाची होती, ती त्यानें केली.