स्मार्ट शहर आणि सावध नागरिक



केंद्र सरकारने २०१५ साली ‘स्मार्ट सिटी’ योजना सुरू केली आणि पुढे तीत १०० शहरे निवडली. चौकाचौकांत कॅमेरे आले. सोय झाली, हे मान्य. पण त्यांत टिपलेली आपली माहिती कोणाच्या हाती जाते?

कॅनडातील टोरांटोचे उदाहरण घ्या. तेथे गूगलच्या परिवारातील साइडवॉक लॅब्स या कंपनीने २०१७ साली सरोवराकाठी अशीच एक वसाहत उभारण्याची योजना मांडली. माजी गोपनीयता आयुक्त अ‍ॅन कव्हुकियन तिच्या सल्लागार होत्या. माहिती टिपताच तीतून माणसाची ओळख पुसून टाकावी, असा त्यांचा आग्रह होता. इतर कंपन्यांवर तसे बंधन नसेल, हे कळताच २०१८ साली त्यांनी राजीनामा दिला. नागरिकांनीही आवाज उठवला. अखेर २०२० साली आर्थिक अनिश्चिततेचे कारण देऊन कंपनीने योजना सोडली.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ साली कायदाही संमत झाला. १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घ्यावी, अशी त्यात तरतूद आहे. परंतु न वाचता केलेली सही ही संमती नव्हे. पालकहो, सहीपूर्वी विचारा : माहिती कशासाठी घेता? किती दिवस ठेवता? कोणाला देता?

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी काहीजण उद्या ही यंत्रे चालवतील. तेव्हा कॅमेऱ्यासमोरचा माणूस कोणाचा तरी बाप, कोणाची तरी बहीण आहे, हे विसरू नका.