आपल्या दारचीं पिल्लें



भाद्रपद लागला कीं आपल्या वऱ्हाडांतल्या गांवोगांवीं कुत्र्यांचा गोंगाट सुरू होतो. आपण त्याकडे कंटाळून नाहीं तर हंसून पाहतों. पुढें कापूस वेंचणीला येतो, आपण कामाला लागतों, आणि तो गोंगाट विसरूनहि जातों. निसर्ग मात्र आपला हिशेब विसरत नाहीं. कुत्रीचा गर्भकाळ सुमारें 63 दिवसांचा. म्हणजे भाद्रपदांत फळलेली कुत्री कार्तिकाच्या सुमारास विते, आणि मार्गशीर्षाच्या थंडींत कोणाच्या ओट्याखालीं, कोणाच्या गंजीच्या आडोशाला चार-सहा आंधळीं पिल्लें वळवळूं लागतात. या पिलांविषयीं आणि त्यांच्या आईविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

आमचें सोनाळा हें गांव बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेलें आहे. गांवापलीकडे डोंगर चढूं लागला कीं अंबाबरव्याचें अरण्य लागतें. हें अरण्य 1997 सालीं अभयारण्य म्हणून जाहीर झालें, आणि आज तें मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. अशा ठिकाणीं कुत्रें हा हौसेचा विषय नव्हे. रात्रीं रानडुकरांचा कळप पिकांत शिरला म्हणजे जागलीवरच्या माणसाला पहिली सूचना कुत्राच देतो. आणि बिबट्या गोठ्याकडे वळला तर बळीहि पुष्कळदां त्याचाच जातो. ज्याच्याकडून आपण एवढी चाकरी घेतों, त्याच्या संततीचा विचार करणें हें आपलें कर्तव्य ठरतें.

उघड्यावर जन्मलेल्या पिलांचें पुढें काय होतें, याची मोजदाद पश्चिम बंगालांत कांहीं संशोधकांनीं केली. ती 2016 सालीं प्रसिद्ध झाली. पाहिलेल्या 364 पिलांपैकीं वयांत येईपर्यंत शेंकडा 19 च जगलीं. आणि जीं गेलीं, त्यांपैकीं शेंकडा 63 पिलांच्या नाशाला या ना त्या रीतीनें माणूसच कारण झाला होता. हे आंकडे बंगालचे खरे. पण आपल्या गल्लींत गेल्या हिंवाळ्यांत किती पिल्लें होतीं आणि आज त्यांतलीं किती उरलीं, हें ज्याचें त्यानें आठवून पाहावें.

म्हणून पहिला प्रश्न असा, कीं ही वीण हवी आहे काय? एकदां तरी व्याल्याशिवाय कुत्रीची प्रकृति नीट राहत नाहीं, असा एक समज आपल्याकडे आहे. त्याला शास्त्राचा आधार नाहीं. उलट, शस्त्रक्रिया न झालेल्या वयस्क कुत्रींत गर्भाशयांत पू होण्याचा विकार वारंवार आढळतो, व तो प्राणावर बेततो. पिल्लें नको असतील तर पशुवैद्याकडून शस्त्रक्रिया करून घ्यावी. तींत क्रूरपणा कांहीं नाहीं. पिल्लें हवींच असतील तर कुत्रीचें पुरतें वय होऊं द्यावें. पहिल्या माजाला ती स्वतःच अर्धवट वाढलेली असते. श्वानपैदाशीविषयीं केंद्र सरकारनें 2017 सालीं केलेल्या नियमांतहि मादीचें वय निदान 18 महिन्यांचें असावें असें म्हटलें आहे. लसी टोंचणें व जंताचें औषध देणें हीं कामें माजापूर्वींच उरकावीं, आणि जवळच्या नात्यांतला नर टाळावा.

कुत्री गाभण राहिल्यावर पहिले पांच-सहा आठवडे तिचा आहार नेहमींचाच असावा. शेवटच्या तीन आठवड्यांत पोटांतलीं पिल्लें झपाट्यानें वाढतात. तेव्हां आहार हळूहळू दीडपटीपर्यंत न्यावा. पोटांत जागा कमी उरते, म्हणून तो दिवसांतून तीन-चार वेळां थोडा थोडा द्यावा. नुसत्या ज्वारीच्या भाकरीवर हें भागत नाहीं. जोडीला वरण, उकडलेलें अंडें, जमल्यास मांस द्यावें. कित्येक लोक मायेपोटीं चुन्याच्या म्हणजे कॅल्शियमच्या गोळ्या देतात. गाभणपणीं हें करूं नये. बाहेरून आयता चुना मिळूं लागला म्हणजे हाडांतला चुना काढून घेण्याची शरीराची संवय मोडते, आणि विल्यानंतर अंगावर दूध सुटलें कीं कुत्रीला आंचके येण्याचा धोका वाढतो. असे आंचके दिसूं लागले, ती थरथरूं लागली, पाय ताठ करूं लागली, तर पिल्लें दूर करून तिला तत्काळ पशुवैद्याकडे न्यावें. या विकारांत एकेक घटका मोलाची असते.

विण्याची जागा आठवडाभर आधीं ठरवावी. घरांतला किंवा पडवींतला कोरडा, निवांत कोंपरा आणि बुटक्या कडांची लांकडी पेटी एवढें पुरे. तळाशीं जुनीं वर्तमानपत्रें व धुतलेलें सुती फडकें सपाट अंथरावें. कुटार घालूं नये. त्याची धूळ पिलांच्या नाकातोंडांत जाते. कुत्रीच्या अंगाची उष्णता एरव्हीं 101 ते 102 अंश फॅरनहाइट असते. ती 99 च्या खालीं उतरली म्हणजे बहुधा 24 तासांच्या आंत कुत्री विते. ती अन्न सोडते, कोंपरे उकरते, धापा टाकते. अशा वेळीं गर्दी करूं नये; घरांतल्या ओळखीच्या एका माणसानें दुरून लक्ष ठेवावें.

बहुतेक कुत्री आपलें काम आपण करतात. परंतु चार खुणा ध्यानांत ठेवाव्या. जोरानें कळा देऊन अर्ध्या तासांत पिल्लूं आलें नाहीं. पोटांत पिल्लें असतांना दोन पिलांत दोन तासांहून अधिक अंतर पडलें. पहिल्या पिलाच्या आधींच हिरवट-काळसर स्राव दिसला. किंवा 70 दिवस उलटूनहि वीण झाली नाहीं. यांतली एकहि खूण दिसल्यास वाट पाहूं नये. तालुक्याच्या पशुवैद्याचा दूरध्वनि क्रमांक आधींच भिंतीवर लिहून ठेवावा, आणि रात्रीं अपरात्रीं गाडी कोणाची मिळेल हेंहि विचारून ठेवावें.

पिल्लूं बाहेर आल्यावर आईनें पडदा फाडला नाहीं, तर तो आपण फाडावा, तोंड-नाक पुसावें, आणि कोरड्या पंचानें पिल्लूं चोळावें. चोळण्यानेंच त्याचा श्वास सुरू होतो. त्याला उलटें धरून गरगर फिरवण्याची जुनी रीत सोडून द्यावी. त्यानें मेंदूला इजा होते. नाळ आईनें न तोडल्यास पोटापासून दोन बोटांवर स्वच्छ दोऱ्यानें बांधून कापावी.

यापुढचे 14 दिवस सर्वांत कठीण. नवजात पिल्लूं आंधळें व बहिरें असतें. त्याला थंडींत कांपतांहि येत नाहीं, म्हणून अंगची ऊब राखतां येत नाहीं. सातपुड्यावरून उतरणाऱ्या वाऱ्याची मार्गशीर्षांतली एक रात्र त्याला पुरेशी होते. पेटींत पहिला आठवडा 85 ते 90 अंश फॅरनहाइट उष्णता असावी. गरम पाण्याची बाटली फडक्यांत गुंडाळून एका कडेला ठेवावी, म्हणजे उकडल्यास पिलांना दुसऱ्या कडेला सरकतां येईल. बंद खोलींत शेगडी पेटवूं नये. तिच्या वायूनें आई व पिल्लें दोन्ही गुदमरतील. गारठलेल्या पिलाला दूध पाजण्याची घाई करूं नये, कारण थंड शरीरांत तें पचत नाहीं. आधीं त्याला हळूहळू ऊब द्यावी, मग आईला लावावें.

पहिल्या दिवसाचा चीक प्रत्येक पिलाच्या पोटांत गेलाच पाहिजे. रोगांशीं झगडण्याची शक्ति त्यांतूनच मिळते. दुबळें पिल्लूं मागें ढकललें जातें. त्याला आपल्या हातानें मागच्या, अधिक दुधाच्या सडाला लावावें. रोज सकाळीं किराणा मोजण्याच्या तराजूवर एकेक पिल्लूं तोलावें. आठ-दहा दिवसांत वजन दुप्पट व्हावयास हवें. पोट भरलेलें, उबेंत असलेलें पिल्लूं निजून राहतें. सारखें रडणारें पिल्लूं भुकेलें किंवा गारठलेलें असतें. आई नसेल तर गाईचें नुसतें दूध पुरत नाहीं, कारण कुत्रीच्या दुधांत स्निग्धांश व प्रथिनें दुपटीच्या घरांत असतात. पिलांसाठीं मिळणारी दुधाची भुकटी आणावी. पाजतांना पिल्लूं पालथें धरावें. उताणें धरल्यास दूध फुप्फुसांत जातें. पाजल्यावर ओल्या कापसानें पोटाखालीं पुसावें, कारण आईच्या चाटण्यावांचून त्याला मलमूत्रहि करतां येत नाहीं.

दहा ते चौदा दिवसांत डोळे उघडतात. दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनीं पशुवैद्य सांगतील त्या मात्रेनें जंताचें औषध द्यावें. हे जंत आईच्या गर्भांतून व दुधांतून येतात, आणि त्यांचीं अंडीं मातींत मिसळून खेळणाऱ्या मुलांच्या पोटांत गेल्यास त्यांच्या डोळ्यांनाहि अपाय होऊं शकतो. चौथ्या आठवड्यापासून मऊ अन्न सुरू करावें. सहा ते आठ आठवड्यांच्या वयांत डिस्टेंपर व पार्व्हो या रोगांवरची पहिली लस, पुढें 16 आठवड्यांपर्यंत तिच्या पुढच्या मात्रा, आणि तिसऱ्या महिन्यांत पिसाळरोगाची लस टोंचावी. आठ आठवडे होण्यापूर्वीं आईपासून पिल्लूं तोडूं नये. 2017 च्या नियमांनींहि त्याआधीं विक्रीस मनाई केली आहे.

या लसींचा संबंध केवळ आपल्या अंगणाशीं नाहीं. 1994 सालीं आफ्रिकेंतल्या सेरेंगेटींत डिस्टेंपरच्या सांथीनें सुमारें एक तृतीयांश सिंह नाहींसे झाले. तो रोग आसपासच्या गांवांतल्या कुत्र्यांकडून गेला असावा, असें संशोधकांनीं मानलें. 2018 सालीं आपल्याच देशांत, गीरच्या अरण्यांत, थोड्या दिवसांत 20 हून अधिक सिंह दगावले, आणि त्यांतल्या कांहींच्या शरीरांत याच रोगाचा विषाणू सांपडला. आमच्या सोनाळ्याच्या शिवारांतला कुत्रा धन्यामागोमाग अरण्याच्या कडेपर्यंत रोज जातो. जें पाणी तो पितो, त्याच पाणवठ्यावर रात्रीं बिबट्या येतो. नकोशीं झालेलीं पिल्लें गोणींत भरून नाल्यापलीकडे सोडून येणारा माणूस आपली अडचण दूर करतो खरी, पण जीं जगतात तीं उपाशी, रोगट आणि बेलसेचीं रानांत फिरतात.

तेव्हां येत्या भाद्रपदाच्या आधींच प्रत्येक घरानें विचार करावा. आपल्या कुत्रीचीं किती पिल्लें आपण उबेंत ठेवूं शकूं, कितींना लस टोंचूं शकूं, आणि कितींना ओळखीच्या शेतावर हक्काची भाकर मिळवून देऊं? उत्तर शून्य येत असेल, तर कुत्रीला वेळेवर पशुवैद्याकडे न्यावें. उत्तर चार येत असेल, तर त्या चार घरांची नांवें वीण होण्यापूर्वींच निश्चित करावीं, आणि पेटी तयार ठेवावी.