दार कोण ठोठावतं?



एलिया कझान यांचा १९५० सालचा एक चित्रपट आहे, ‘पॅनिक इन द स्ट्रीट्स’. न्यू ऑर्लिन्समध्ये एक खून होतो. प्रेत तपासताना कळतं, मेलेल्याला फुफ्फुसाचा प्लेग होता. मारेकरी ४८ तासांत सापडले नाहीत तर रोग शहरभर पसरणार. डॉक्टरला त्यांना गाठायचंय. पण सोबत पोलीस आहेत, म्हणून ते पळत सुटतात. अख्ख्या थरारपटात मला हेच सगळ्यात खरं वाटतं.

त्यावरून मला आपलं नागपूर आठवतं. इथे करोनाचा पहिला रुग्ण आढळला ११ मार्च २०२० रोजी. एप्रिलच्या सुरुवातीला सतरंजीपुऱ्यातले एक वयस्क गृहस्थ दगावले, आणि त्यांना करोना होता हे नंतर कळलं. तोवर घरचे, शेजारचे, विचारपूस करायला आलेले, सगळ्यांचा संपर्क होऊन गेला होता. मग याद्या सुरू झाल्या. कोण भेटलं, कधी भेटलं, किती वेळ बसलं? सतरंजीपुरा, मोमिनपुऱ्याच्या गल्ल्या बंद झाल्या. ताप नाही, खोकला नाही, तरी शेकडो माणसं लेकराबाळांसह आमदार निवासात, वनामतीत विलगीकरणासाठी नेली गेली. नमुने मेयो रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत जात आणि अहवाल येईपर्यंत कोणाचा जीव थाऱ्यावर नसे.

दोन खोल्यांत आठ-दहा जण राहतात, तिथे ‘अंतर ठेवा’ म्हणून काय उपयोग? माणसांना बाहेर काढणं भागच होतं, असं माझं आजही मत आहे. पण या वस्त्यांची नावं शहरभर रोगाच्या नावासारखी घेतली गेली, तो अन्याय होता. आणि त्यात धोकाही होता. ज्याला बदनामीची धास्ती, तो ताप अंगावर काढतो, पाहुणा आला होता हे लपवतो. यादी तिथेच तुटते. रोगाची साखळी मात्र चालू राहते.

रोग्यापर्यंत पोहोचायच्या दोन रीती, धाकाची आणि मायेची, १८९७ च्या पुण्यात एकाच साथीत दिसल्या. प्लेग अधिकारी रँडसाहेबाचे गोरे सोजीर प्लेगचा रोगी शोधायला थेट माजघरात, देवघरात शिरत. लोक आजारी माणूस दडवू लागले. २२ जूनला गणेशखिंडीत चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करत होत्या. त्यातच प्लेग होऊन १० मार्चला त्या गेल्या.

पुन्हा करोनाकडे येतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये नागपुरात रोग याद्यांच्या पार पुढे गेला होता. उरली ती खाटेसाठी आणि ऑक्सिजनसाठी वणवण. याद्यांचं काम होतं ते त्याच्या कितीतरी आधी.

म्हणून महापालिकेच्या दहाही झोनना माझी कळकळीची विनंती आहे. गल्लीतली आशाताई, वर्षानुवर्षं नाडी पाहणारे डॉक्टर, शाळेच्या बाई, मशिदीतले इमामसाहेब, विहारातले भंतेजी, ज्यांचा शब्द वस्तीत मानला जातो अशांची नावं आजच, साथ नसताना, लिहून ठेवा. त्यांना शिकवा, मानधन द्या. पुढच्या साथीत पहिलं दार त्यांनी ठोठावावं. पोलिसांची गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली तरी चालेल.